पुस्तकात लिहिलंय, मी म्हणाले

“सर, तुमची पोरगी इंग्रजी शाळेची आहे ना? मंग तिलेच वाचाले लावा.”

खिडकीआड उभी राहून मी हे ऐकलं. तुरकर मिस्त्री अंगणात गाडीखालून बाबांशी बोलत होते. चार वर्षं झाली. पुढे जे झालं ते मागच्या रविवारपर्यंत मी कोणालाच सांगितलं नव्हतं — आईला नाही, मैत्रिणींना नाही. तशा मैत्रिणी तरी किती होत्या?

गाडी जुनी अँबॅसिडर, बाबांच्याही जन्माआधीची. तिरोड्याजवळच्या एका बंद राइस मिलच्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभी होती, बॅटरीशिवाय. बाबांनी ती विकत घेतली. ट्रॅक्टरनं ओढत आणताना मागून ठक-ठक आवाज येत होता. मिस्त्री उघड्या डिकीत आडवे झाले, पत्र्याला कान लावला आणि घर येईपर्यंत तसेच पडून राहिले. उतरल्यावर म्हणाले, डाव्या कमानीचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचा, रबरी बुश गेला. नवा मिळेना, तर मिलच्या जुन्या पट्ट्याचं रबर कापून बसवला. आवाज बंद. मला त्यांना विचारायचं होतं, पत्र्यातून नेमकं काय ऐकू येतं? विचारलं नाही. माझं मराठी ऐकून लोक हसतात — काकांकडे तर मला ‘मॅडम’च म्हणतात. म्हणून मी गप्प राहते. गप्प राहणाऱ्याला लोक हुशार समजतात, हे मला फार लवकर कळलं होतं.

मग नवी बॅटरी आली. जुन्या तारांवर रंगच उरला नव्हता. बॉडीला कोणती तार जोडायची? गाडीसोबत एक जाड इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. मिस्त्रींनी हात पुसून ते माझ्यापुढे धरलं. त्यांच्या उस्तादानं अशाच एका गाडीला प्लसची तार बॉडीला लावली होती म्हणे, बाकी गाड्यांच्या उलट. “पण बाई, पुस्तक काय म्हणते ते पाहा.”

मी पान उघडलं. वायरिंगचा नकाशा — रेघाच रेघा. काही कळेना. ‘मला कळत नाही’ — तीनच शब्द. का नाही निघाले? बाबा पायरीवर उभे होते, माझ्याकडे बघत, इतके खूश.

मायनस बॉडीला, मी म्हणाले. पक्कं का, त्यांनी विचारलं. पुस्तकात लिहिलंय, मी म्हणाले.

चाळीस वर्षं गाड्यांत काढलेल्या माणसानं त्या एका वाक्यावर मायनसची तार बॉडीला जोडली. इंजिन सुरू झालं आणि थोड्याच वेळात डॅशबोर्डखालून धूर आला. तारा जळाल्या, बॅटरी चार्ज करणारा डायनॅमोही बिघडला. बाबा त्यांना नको ते बोलले. मिस्त्री पाने-पकडी पिशवीत भरत राहिले. एकदाच माझ्याकडे पाहिलं. पोरीनंच सांगितलं, एवढं म्हणायला त्यांना काय लागत होतं? ते म्हणाले नाहीत. मीही नाही.

दोन दिवसांनी घरी कोणी नसताना मी पुस्तक पुन्हा उघडलं. नकाशाच्या मागच्याच पानावर साध्या इंग्रजीत एक ओळ होती — या गाडीत प्लस बॉडीला. नुसतं पान उलटायचं होतं. ते पान मी फाडलं. बारीक तुकडे करून कचऱ्यात टाकलं. हो, तेही केलं.

मिस्त्रीनं गाडी जाळली, असं नंतर बाबा भेटेल त्याला सांगत राहिले आणि गावात लोक मिस्त्रींना बोलवेनासे झाले. एकदा गोंदियाच्या बाजारात दिसले. थांबून विचारलं, गाडी कशी आहे, बाई? मी मान हलवली आणि पुढे गेले. माझी ती चाल मला अजूनही आठवते — घाईची, जणू कुठे पोचायचं होतं.

मागच्या रविवारी काका आले होते. त्यांच्या ट्रॅक्टरची वायरिंग खराब झाली आहे; तुरकरला सांगू का, असं बाबांना विचारत होते.

“त्याले काऊन बोलावतोस? हातची कला गेली त्याची,” बाबा म्हणाले. “माही गाडी जाळली त्यानं.”

काका मोबाइलमध्ये दुसऱ्या कोणाचा नंबर शोधू लागले. मी चहा घेऊन दारात उभी होते. मराठी नीट येईल का, आवाज निघेल का — काही माहीत नव्हतं. ट्रे खाली ठेवला.

“बाबा, गाडी त्यांनी नाही जाळली. त्यांना बरोबर माहीत होतं. पुस्तकात लिहिलंय असं मी खोटं सांगितलं. आणि खरं लिहिलेलं पान मी फाडलं.”