खेकड्याच्या डोळ्यांचे देठ

खाडीकाठच्या बाजारात कोळीणमावशी प्रत्येक खेकड्याचं पोट दाबून, भरलेला की पोकळ ते बघत पाटीत टाकत होत्या. एक मात्र त्यांनी पाण्याच्या बादलीत अलगद सोडला. मी नेमका तोच मागितला.

"तो नको, बाय. आत्ताच कवच टाकलंय त्यानं. चार दिवस पाण्यात राहू दे, टणक होईल."

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. खेकड्याच्या डोळ्यांच्या देठांतून एक इवलंसं प्रथिन पाझरतं. त्याचं काम एकच, कवच टाकण्याची घाई रोखून धरणं. वेळ आली की ते ओसरतं आणि कवच उकलतं. आपण चप्पल उगारतो त्या झुरळाच्या वाढीलाही असंच काहीतरी आतून आवरत असतं. शिकत असताना आम्ही खेकड्यांचे ते देठच कापले होते. माझ्या खेकड्यानं वेळेआधीच कवच टाकलं आणि तसाच मऊ असताना तो मेला. वहीत मी लिहिलं, 'प्रयोग यशस्वी.'

माझी मुलगी नोकरी सोडून घरी आलीय, त्याला पाच महिने झाले. "पुढे काय ठरवलंस?" हे मी तिला रोज चहाबरोबर विचारते. तिचं थांबणं मला आळसच वाटत आलं. आतून काहीतरी तिला सांभाळत असेल, हे काही सुचलं नाही. आणि म्हणे प्राणिशास्त्र शिकवते!

आज बाजारातून आल्यावर मी नुसता चहा दिला.

"आई, आज विचारलं नाहीस?"

"नाही."

तिनं खुर्ची ओढली. "मग सांगते," म्हणाली.