तळं दिसेल अशी जागा

आमच्या चाळीतल्या जॉबरकाकांनी डाव्या गुडघ्याला दोन लाकडी पट्ट्या आवळून बांधल्या होत्या आणि ते कामतघरच्या तलावाभोवती लंगडत फिरत होते. त्यांचा पाय चांगला ठणठणीत होता. माझा डावा पाय मात्र लहानपणीच्या पोलिओने वाळलेला, गुडघ्यात वाकतच नाही. चाळीत माझी नक्कल करणारे कमी नव्हते, पण साठीच्या माणसाने करावी? मी तडक जाऊन जाब विचारला. ते बाकावर टेकले, पट्ट्या सोडत म्हणाले, "तुझ्या पायानं चालून बघतोय गं. तो पलीकडचा उतार तुला न्हाय जमायचा. देवळाच्या बाजूनं चल." मला इतकी लाज वाटली की मी निमूटपणे देवळाच्या बाजूने चालायला लागले.

लूम, म्हणजे कापड विणायचा यंत्रमाग, बिघडली की दुरुस्त करणारा तो जॉबर. चाळीस वर्षं त्या खडखडाटात काढून काकांचे कान गेले होते, त्यामुळे ते एकतर ओरडून बोलायचे नाहीतर हाताने. तळहात उघडा धरून पुढे लोटला की अर्थ, चालू ठेव. डोंगरातही तीच भाषा. निवृत्त झाल्यावर त्यांनी लूमऐवजी वाटा दुरुस्त करायला घेतल्या, असं मी चिडवायचे. ते म्हणायचे, "लूम काय, वाट काय, कुठं अडतंय ते हात लावल्याबिगर कळत न्हाय."

दर रविवारी आम्ही आठ-दहा जणं निघायचो. मी राहनाळच्या गोदामात दिवसभर कम्प्युटरसमोर बसणारी. आमच्या गल्लीत सगळ्यांची मावशी असलेली खाला, अंगाने जड, गुडघे गेलेली आणि जिभेने तिखट. बाकी कुणी दम्याचे, कुणी नुसतेच आळशी. अंबाडीच्या पुढे डोंगरांत पाणीपुरवठ्याचा मोठा तलाव आहे. तिथली प्रत्येक वाट काका आधी एकटे चालून यायचे: एकदा माझ्या पायाने, एकदा खालासाठी पाठीवर कापडाचा गठ्ठा घेऊन. हे खालाला कळलं तेव्हा ती भडकली. "मैं क्या गठरी हूँ?" पुढचे दोन रविवार ती रुसून घरीच बसली. तिसऱ्या रविवारी सगळ्यांच्या आधी रिक्षात.

वाटेवर ते झाडांना ग्रे, म्हणजे लूमवरून उतरलेल्या कोऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधायचे. पट्टी दिसली की तिथे बसायचं. बसायचा नियम एकच: बसल्या जागेवरून तळं दिसलं पाहिजे. सर्वांत हळू चालणारा पुढे आणि काका सगळ्यांच्या मागे. "तू इथंच बस, आम्ही येतो" हे वाक्य तोंडून काढायला बंदी होती. एकदा कुणीतरी सहज खालाला तसं म्हणालं, तर काकांनी सगळ्यांना तिथूनच परत फिरवलं.

कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही तळ्याकडे बघत. काकू गुडघ्याने अधू होती. देवीच्या डोंगरावर जाताना निम्म्या वाटेत थकली. काका म्हणाले, तू इथंच बस, आम्ही दर्शन घेऊन येतो. परत आले तेव्हा ती झाडाला टेकून होती, मान कललेली. "झोपली म्हणून मी हसलो गं. हाका मारून चेष्टा केली." तिचा जीव केव्हाच गेला होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

मला एकच हौस होती, सुळक्याखालच्या खिंडीतून ते अख्खं तळं एकदा वरून बघायचं. काका तीन वर्षं त्या खिंडीपर्यंत माझ्या पायाची वाट शोधत होते. शेवटी सापडली. लांबून वळसा होता, पण चढ सोसवेल असा. निघालो तेव्हा मी पुढे, काका मागे. निम्म्यावर मागून काकांचा खोकला थांबेना. लूमवरची कापसाची धूळ त्यांच्या छातीत कधीची जाऊन बसली होती, आम्ही तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं इतकंच. ते एका दगडावर बसले. खिंड समोर दिसत होती.

आणि मी म्हणाले, "काका, तुम्ही इथंच बसा. आम्ही आलोच."

खालाने माझा दंड धरला. काकांनी माझ्या ओठांकडे बघितलं होतं, त्यांना कळलं होतं. त्यांनी तळहात उघडा धरला आणि पुढे लोटला. चालू ठेव. मी गेले. तळं बघितलं. ते फार सुंदर होतं, हे मी नाकारत नाही.

उतरून आलो तेव्हा काका तसेच बसले होते, डोळे उघडे, पाण्याची बाटली न उघडलेली. मी धावत जाऊन, म्हणजे माझं जे काही धावणं असतं तसं, त्यांचा हात धरला. ते म्हणाले, "हितनं तळं न्हाय दिसत गं. नुसत्या जाणाऱ्यांच्या पाठी दिसतात. तिलाबी तेच दिसलं आसंल."

त्यानंतर ते रविवारी आले नाहीत. थंडी सरायच्या आत गेले.

आता वाटा मी निवडते. पट्ट्याही मीच बांधते, जुन्या विरून गेल्या की नव्या. खिंडीकडे मात्र कधी नेलं नव्हतं. मागच्या महिन्यात सगळ्यांनी हट्ट धरला, निघालो. नेमकी त्याच दगडापाशी खाला मटकन बसली. "तुम लोग जाओ," ती म्हणाली. वर खिंड तशीच उजळलेली. माझ्या पाठीत काहीतरी टोचायला लागलं, कुणी मागून एकटक बघावं तसं. मी सगळ्यांना खाली वळवलं. कुरकुर झाली, खालाच सर्वांत जास्त ओरडली. तिला पुढे घालून मी शेवटी राहिले. दगड आता माझ्या मागे होता. वळून बघायची हिंमत झाली नाही. मी नुसता हात मागे नेला आणि तळहात उघडा धरला. काकांनी तो धरावा म्हणून.