आबांचा पाय ब्रेकवर

माझ्या लहानपणी आमचं घर म्हणजे एक पाल होतं. दिवाळी झाली की आबा मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरायचे, आई डोक्यावर भांडी घेऊन मागं चालायची. मला शिरूरला मामांकडे ठेवलेलं असायचं. एका वर्षी रोगानं निम्मी मेंढरं गेली. पुढं आई तळेगाव ढमढेऱ्याला लोकांच्या रानात भाजी खुडायला लागली. एका पँटवर मी बीएस्सी झालो, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे सांगायला मला आजही संकोच वाटत नाही.

कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात नोकरी लागली. दौंडला भाड्याचं घर घेऊन आई-आबांना आणलं. मग हौस केली ती एका जुन्या स्पोर्टी गाडीची. आधीच्या मालकानं इंजिन जोरदार करून घेतलं होतं, ब्रेक मात्र कंपनीचेच ठेवले होते.

त्याची शिक्षा मला सोलापूर रस्त्यावर मिळाली. मेंढरं रस्ता ओलांडत होती. मी ब्रेक दाबून धरला तरी गाडी सरकतच राहिली आणि शेवटच्या मेंढरापासून हातभर अंतरावर थांबली. शेजारी आबा होते. ते उतरले, मेंढपाळाला हात जोडले आणि एसटीनं घरी आले.

"ही थांबाया शिकंल, तवा बसंन," एवढंच म्हणाले. चार महिने बसले नाहीत. त्यांना स्वतःच्या गाडीतून शिरूरला न्यायचं माझ्या मनात होतं, ते तसंच राहिलं.

शेवटी पुण्याहून मोठ्या गाडीच्या ब्रेकच्या डिस्क आणि त्यांना चिमटणारे कॅलिपर आणले. पुढच्या दोन्ही चाकांना एका रविवारी अंगणातच बसवले. राहिली ब्रेक ऑइलच्या पाइपातली हवा काढायची, चारही चाकांची. ती काढल्याशिवाय ब्रेक लागत नाही, आणि त्याला माणसं दोन लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाजवळचा स्क्रू सैल करून आवळायचा. आबांना ड्रायव्हरच्या बाजूला जायला सांगून मी मागच्या चाकापाशी बसलो, सुरुवात लांबच्या चाकापासून करतात म्हणून.

"दाबा."

"दाबला."

स्क्रूला लावलेल्या नळीतून बाटलीत बुडबुडे आले. पुन्हा दाबा, पुन्हा बुडबुडे. चौथ्या खेपेला तर आधीपेक्षा जास्त. मी उठून पाहिलं. आबा दाराबाहेर गुडघ्यावर, डोकं स्टेअरिंगखाली, दोन्ही तळवे पेडलवर! मी स्क्रू आवळायच्या आत हात निसटायचे आणि हवा उलटी आत जायची.

"आबा, हातानं?"

"मग? दसऱ्याला कुंकू लावलंय तिला. लाथा घालू व्हय?"

"मी रोज पायानंच दाबतो की."

"तू कॉलेजात गेलायस. तुला समदं चालतंय."

आई ओट्यावरून म्हणाली, "मेंढरांमागं चालून माझं पाय झिजलं, ते न्हाई दिसलं. लोखंडाची दया आली व्हय!"

आबा हसले. पेडलला हात लावून कपाळाला नेला, चप्पल काढली आणि सीटवर बसले.

कारखान्यात पंपातली हवा काढताना आमची एक पद्धत होती. समोरच्यानं सांगितलेलं आपण परत बोलून दाखवायचं, मगच व्हॉल्व्हला हात. तीच आबांना शिकवली. "तुम्ही 'धरलाय' म्हणाल तवा मी उघडणार. मी 'सोडा' म्हटल्याबिगर पाय उचलायचा न्हाई."

"न्हाई उचलत."

एका चाकाचं झालं की ब्रेक ऑइलची भर घालायची आणि दुसऱ्या चाकाकडे जायचं. तिसऱ्या चाकाला आई चहा घेऊन आली.

"घ्या की."

"पाय अडकलाय," आबा म्हणाले, "आन् त्यो सोड म्हणंना."

चौथ्या चाकाला बाटलीत नुसतं ऑइल आलं. पेडल दगडासारखं घट्ट झालं.

मोकळ्या रस्त्यावर आधी मी एकटाच फिरलो. हळू, मग जोरात, मग ब्रेक करकचून दाबून. गाडी सरळ रेषेत थांबली. परत आलो तर आबा धुतलेलं धोतर नेसून दारात उभे होते. काही न विचारता पुढच्या सीटवर बसले.

ते ब्रेक मी आणि आबांनी घरी बसवले. त्या दिवशी आम्ही दौंडहून शिरूरला गेलो आणि आलो.