मामीच्या कानयंत्राचा सेल

बोर्डीपासून तलासरीपर्यंत बॅटरीवर चालणारी अशी एकही वस्तू नाही, जिच्या पोटात माझ्या मामांनी नाक खुपसलेलं नाही. चिकूवाडीतला फवारणीचा पंप बंद पडो की भिंतीवरचं घड्याळ रुसो, आधी प्रवचन, मग दुरुस्ती. "व्होल्ट म्हणजे टाकी किती उंचावर आहे ते. ते जुळायलाच पाहिजे, तिथे लाड नाहीत! अँपिअर म्हणजे नळाची धार. आणि अँपिअर-अवर म्हणजे टाकीत पाणी किती. टाकी मोठी असली तर उलट जास्त पुरते. जेवणारा भुकेपुरतंच जेवतो रे, पण पंगतीत भात कमी पडता कामा नये!" एवढं होईपर्यंत पंपवाल्याची फवारणीची वेळ टळून गेलेली असे.

एकदा मी त्यांच्यासोबत डहाणूच्या बाजारात गेलो आणि जन्माची अद्दल घडली. पंपाला बारा व्होल्टची बॅटरी हवी, एवढंच काम. मामांनी दुकानातल्या झाडून साऱ्या बॅटऱ्या काउंटरवर मांडल्या, हातात तोलल्या, मीटर लावून पाहिल्या. शेवटी गुजराती दुकानदार कळवळला, "काका, बॅटरी लेवी छे के छोकरी जोवा आव्या छो?" मामा शांतपणे म्हणाले, "छोकरी मी पाच मिनिटांत पसंत केली होती. बॅटरीत ती घाई नको." घरी येऊन मी हे मामीला रंगवून सांगितलं, पण ती हसलीच नाही. तिचं कानाचं यंत्र बंद होतं.

मामीला कमी ऐकू येतं. गळ्यात काडेपेटीएवढं कानयंत्र, त्यातून कानापर्यंत वायर आणि आत एक पेन्सिल सेल. तो सेल म्हणजे मामांचा मानाचा तुरा. "दीड व्होल्ट घड्याळाच्या स्वस्त सेललाही असतात. पण दम? दम अल्कलाइनमध्ये! डॉक्टर म्हणाला आठवडा, माझा सेल महिना चालतो!" अख्ख्या आळीला हे पाठ होतं. खरं काय ते मला ठाऊक. मामांनी "व्होल्ट म्हणजे" म्हटलं रे म्हटलं, की मामी पदराआड बटण बंद करी आणि मान डोलवत तांदूळ निवडत बसे. "सांगू नकोस हं त्यांना," ती मला म्हणायची, "तेवढीच फुशारकी आहे बिचाऱ्यांची."

गेल्या वर्षी मामांना अर्धांगाचा झटका आला. हात सावरला, बोलणं गेलं. दिवसाकाठी चार शब्द, तेही पुटपुटत. फार वाईट वाटतं हो. परवा गेलो तर मामी दारातच म्हणाली, "सेल आणलेस का रे? आठवड्यात संपतो मेला."

खुर्चीतून मामा कष्टाने म्हणाले, "माल... हलका."

माल तोच होता. यंत्र आता सकाळपासून चालू असतं, मामांचा एखादा शब्द सुटू नये म्हणून. मामीने नवा सेल घातला, आवाज वाढवला आणि खुर्चीजवळ सरकून बसली.

"अहो, ते व्होल्टचं पुन्हा सांगा ना. माझं ऐकायचं राहिलंय."