वरळीच्या खडपावरचा ग्रुप फोटो

काळ्या कापडाखाली माझं डोकं होतं आणि समोरच्या काचेवर वकीलसाहेबांचं अख्खं कुटुंब उलटं टांगलेलं होतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. आमच्या कॅमेऱ्याला मागे घासलेली काच असते, तिच्यावर चित्र उलटंच पडतं. डोकी खाली, पाय वर. वर्षभरात त्याची सवय होते. त्या दिवशी मी बावरलो तो वेगळ्याच कारणाने. फोकस लावताना चित्राच्या एका कोपऱ्यात मी एक बुटका खडक धरला होता, कालवांच्या शिंपल्यांनी पांढरा पडलेला. आता काचेवर माणसं होती, पाणी होतं, पण तो खडक नव्हता.

कॅमेरा हलला असेल म्हणून मी कापडाबाहेर आलो. कॅमेरा जागेवरच होता. खडकच पाण्याखाली गेला होता.

गिरगावातल्या एका स्टुडिओत मी तेव्हा नोकरीला होतो. अठराशे नव्वदनंतरची ही गोष्ट. मालक भास्करराव, जुन्या प्रभू घराण्यातले. वामनराव वकील उन्हाळ्याच्या सुट्टीत अमरावतीहून कुटुंब घेऊन मुंबईला आले होते आणि गिरगावातच बिऱ्हाड करून राहिले होते. बरोबर म्हाताऱ्या आई, पत्नी, दोन मुली आणि कडेवरचा मुलगा. घरातल्या कोणीच त्याआधी समुद्र पाहिला नव्हता. त्यांना फोटो हवा होता तो लाटा पाठीशी घेऊन, खऱ्या समुद्रात. भास्कररावांनी मला एवढंच बजावलं, की वकील मोठे गृहस्थ आहेत, त्यांना कशाला नाही म्हणू नकोस.

जागा वरळीची ठरली, दिवस वैशाखी पौर्णिमेचा. आजींना त्या दिवशी समुद्रस्नान करायचं होतं. मी म्हटलं, उजाडताच यावं लागेल. पौर्णिमेला भरती मोठी असते. पहाटे पाणी खूप मागे जातं, पण सूर्य वर आला की तितक्याच जोराने परत येतं. वकिलांनी मान डोलावली.

मी उजाडायच्या आत वरळीला पोचलो. माझ्याबरोबर भोईवाड्याचा दगडू होता, आमचा सामान वाहणारा, चांगला थोराड गडी. आम्ही वाट बघत बसलो. ऊन चढलं. पाणी खाली गेलं, थबकलं आणि फिरलं. मी उठत होतो, बसत होतो, रस्त्याकडे बघत होतो. शेवटी दोन घोडागाड्या आल्या. घरून निघायला उशीर झाला होता. त्यात आल्यावर आजींचं समुद्रस्नान, मग सूर्याला अर्घ्य, मग बाळाचं दूध.

मी वकिलांना म्हटलं, की आता किनाऱ्यावरच फोटो घेऊ. त्यांनी समोर बघितलं. खडप, म्हणजे समुद्रात शिरलेला सपाट खडकाळ भाग, लांबवर कोरडं दिसत होतं.

"ते तर कोरडं आहे," ते म्हणाले. "काहून घाबरता?"

खडप आणि किनारा यांच्यामध्ये एक घळ होती. आम्ही ती ओलांडली तेव्हा पाणी घोट्याला लागत होतं. मुलींना त्याची गंमत वाटली. इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, भरती समोरून येते, आणि येताना दिसते. खडपावर ती आधी पाठीमागून येते. घळ खडपापेक्षा खोल असते, त्यामुळे ती आधी भरते. आपण समोरच्या लाटा बघत उभे असतो आणि परतीची वाट मागच्या मागे बंद होत जाते.

हे मला ठाऊक होतं, म्हणून माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. आजींना दगडावर बसवलं. त्यांच्यामागे वकील, शेजारी वहिनीसाहेब बाळाला घेऊन, दोन्ही बाजूंना मुली, मनू आणि ठकी. वारा पदर उडवत होता. बाळाला ऊन लागत होतं. लेन्सवरची टोपी काढली की जितका वेळ ती बाहेर, तितका वेळ सगळ्यांनी पुतळ्यासारखं राहायचं असतं. मी टोपी काढली आणि बाळाने मान फिरवली. प्लेट फुकट गेली. दुसरी घातली, तर ऐन वेळी वकील खोकले. ते स्वतःच म्हणाले, आणखी एक घ्या. मी परत फोकस बघायला कापडाखाली शिरलो, आणि तो खडक नाहीसा झालेला दिसला.

मी मागे वळून घळीकडे पाहिलं. तिथलं पाणी आता वाहत होतं, मांडीपर्यंत तरी असावं.

"वकीलसाहेब, आता फोटो नाही. आधी सगळे बाहेर."

"एकच प्लेट. पोरं आता शांत आहेत."

"माझी नोकरी गेली तरी चालेल," मी म्हणालो, "पण मी कॅमेरा काढतोय."

माझ्या आवाजाने असेल, त्यांनी वळून पाहिलं. घळ दिसल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मग वहिनीसाहेब म्हणाल्या, ठकी कुठे आहे? मी कॅमेरा आणि घळ बघत होतो तेवढ्यात ती शिंपले वेचायला निघून गेली होती. वकील तिला हाका मारत खडपाच्या पुढच्या टोकाकडे धावले.

सगळ्यांनी थांबून चालण्यासारखं नव्हतं. मी कॅमेरा स्टँडवरून उतरवून सगळ्यांत उंच खडकावर ठेवला. स्टँड दगडूला काठीसारखा धरायला दिला. काळं कापड चांगलं लांबरुंद होतं. त्याला पीळ दिला आणि एक टोक दगडूच्या कमरेला बांधलं. त्याने बाळाला खांद्यावर घेतलं. त्याच्यामागे कापड धरून वहिनीसाहेब, मग मनू, शेवटी मी. आजींना मी दुसऱ्या खेपेला पाठीवर नेणार होतो. पाणी वहिनीसाहेबांच्या कमरेला आलं, मनूच्या छातीला. लुगड्यात पाणी भरून वहिनीसाहेबांचं पाऊल उचलेना. मधोमध त्या एकदा बसल्यासारख्या झाल्या. दगडू थांबला. त्याने स्टँड वाळूत रोवला आणि नुसता उभा राहिला. त्याला धरून त्या उठल्या. पलीकडे कोरड्या वाळूवर पोचताच त्यांनी बाळाला छातीशी घेतलं आणि खडपाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मी परत निघालो. दगडू स्टँड घेऊन घळीच्या मध्यावर येऊन थांबला.

खडपावर आजी होत्या तशाच बसल्या होत्या. मी म्हटलं, चला, पाठीवर घेतो.

"नात दिसल्याशिवाय मी उठत नाही," त्या म्हणाल्या.

त्यांना जबरदस्तीने उचलावं का, ते मला कळेना. लाटा आता खडपावर पसरत होत्या. पाणी त्यांच्या पावलांवरून जात होतं. मी एकदा घळीकडे बघायचो, एकदा पुढच्या टोकाकडे. तिथे उंचवटा होता, पलीकडचं काही दिसत नव्हतं. वकिलांच्या हाका वाऱ्यात विरत होत्या. मग हाकाही ऐकू येईनाशा झाल्या. आजी ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. मी देवाचं नाव घेतलं की नाही, आठवत नाही.

मग वकील उंचवट्यावरून येताना दिसले. ठकी त्यांच्या गळ्याला घट्ट बिलगली होती. कालवांच्या धारेने तिचा तळवा कापला होता आणि तिला चालता येत नव्हतं. ती एका डबक्याशी बसून रडत होती, म्हणून हाकेला ओ देऊ शकली नाही. आजी लगेच उठल्या.

"आता घे मला," त्या म्हणाल्या. "सोवळ्याचं मी बघून घेईन."

घळीत पाणी माझ्या छातीशी होतं. ओढ अशी होती, की पाऊल उचललं की अंग बाजूला जायचं. आजी कानाशी म्हणाल्या, पाय उचलू नको, घासत घासत टाक, आम्ही पूर्णा नदी अशीच ओलांडायचो. मी तसं केलं. पुढे वकील ठकीला डोक्याच्या उंचीवर धरून चालले होते. एका लाटेने त्यांचे पाय सुटले. पगडी गेली, आणि ते स्वतःही गेलेच होते. दगडूने त्यांच्या उपरण्याला हात घातला आणि दोघांना ओढून घेतलं. बाहेर आल्यावर वकील वाळूवर बसले आणि मुलीचा पाय दोन्ही हातांत धरून राहिले. त्यांना उठायला सांगायची कोणाची छाती झाली नाही.

मी खडपाकडे पाहिलं. कॅमेरा अजून खडकावर दिसत होता. थोड्या वेळाने दिसेनासा झाला.

स्टुडिओत पोचलो, तर भास्कररावांनी आधी कॅमेरा विचारला. मी सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, माणसं सगळी आली ना? मी हो म्हटलं.

"लेन्स तरी काढून घ्यायची होतीस," ते म्हणाले. "खिशात मावते."

ते खरं होतं. लेन्स आट्यांवर फिरते, क्षणात सुटते. मला सुचलं नाही. पण नोकरी राहिली.

ठकीचा पाय भरल्यावर वकील सगळ्यांना घेऊन स्टुडिओत आले. आमच्याकडे डोंगराचा, बागेचा आणि समुद्राचा असे तीन रंगवलेले पडदे होते. त्यांनी समुद्राचा निवडला. त्यावर शिडाची होडी होती आणि लाटा अगदी एकसारख्या. बाळ त्या दिवशी झोपलेलं होतं, त्यामुळे पहिलीच प्लेट चांगली आली.

पुढे मी स्वतःचा स्टुडिओ काढला. सुट्टीला आलेली अनेक कुटुंबं समुद्रात फोटो मागायची, आणि मी काढायचो. पण आधी परतीची वाट बघून ठेवायचो. पाण्याची वेळ विचारून घ्यायचो, आणि गिऱ्हाइकाला उशीर झाला तर सामान न उघडता घरी यायचो. त्यावरून काही लोक रागावून दुसऱ्या स्टुडिओत गेले. जाताना सगळे आपल्या पायांनी गेले.