न विझणारी बत्ती: कोलशेत ते कल्याण, शीळफाट्यामार्गे

या ब्लॉगवर मी आजवर लांबलांबच्या प्रवासांबद्दल लिहिलं. आजचा प्रवास जेमतेम तीस किलोमीटरचा आहे. नव्वदच्या दशकाचा मध्य, मी नववीत. ठाण्याच्या कोलशेतहून कल्याणला जायला तेव्हा दीड तास पुरायचा. आम्हाला त्या दिवशी तीन तास लागले.

जायचं ठरलं ते आदल्या संध्याकाळी, शेजाऱ्यांच्या फोनवर. ठाकुर्लीहून सुरेखावहिनी बोलत होती, म्हणजे हिरामावशीची सून. मावशीच्या घशाचं ऑपरेशन शुक्रवारी होणार होतं, ते उद्यावरच आलं होतं, दुपारी बारा वाजता, कल्याणच्या एका हॉस्पिटलात. ऑपरेशननंतर मावशीचा आवाज जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मावशीचा निरोप होता, "बायला सांग, माझ्याशी बोलायचा आसंल तर बाराच्या आत ये. मंग मी काय बोलनार नाय."

बाय म्हणजे माझी आई. या नावाने तिला हाक मारणारं माणूस एकच उरलं होतं.

हिरामावशी मासळी विकायची. डोंबिवलीतल्या चार-चार मजली इमारतींखाली डोक्यावरची पाटी न उतरवता ती हाक द्यायची आणि वरच्या खिडक्या उघडायच्या. घसा बसला तेव्हा सगळ्यांनी तो हाकेमुळेच बसला असं धरलं. वर्षभर हळद-दूध चाललं. तपासणी झाली तोवर उशीर झाला होता.

"सकाळची लोकल पकडू," बाबा म्हणाले.

"गुडघे दुखतायत माझे," आई म्हणाली. "गाडीनेच जाऊ."

तिचे गुडघे ठणठणीत होते. गाडी हवी होती ती पाट्यासाठी. मावशीचा पाटा गेल्या पावसाळ्यात दुभंगला होता, आणि आता कितीतरी महिने तिला सगळं गंधासारखं वाटूनच द्यावं लागणार होतं. आईने आपला पाटा-वरवंटा द्यायचं ठरवलं. बाबा नको म्हणाले असते. "गाडी म्हणजे टेम्पो नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणून सकाळी ते आंघोळीला गेल्यावर आम्ही दोघींनी पाटा गोणपाटात गुंडाळून एकेक पायरी करत खाली नेला आणि गाडीत मागे, डाव्या बाजूला, पाय ठेवायच्या जागेत सरकवला.

"तू आज याच्यावर पाय ठेवून बस," आई म्हणाली. "आणि बाबांना बोलू नकोस. पोचल्यावर बघू."

नेहमी मी उजवीकडे, बाबांच्या मागे बसायचे. त्या दिवशी डावीकडे बसले.

आता बत्तीबद्दल. बाबा कोलशेतच्या एका रसायनाच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट फिटर होते. गाडी तिथल्या साहेबांकडून घेतलेली, जुनी. एकदा मागच्या टायरची हवा हळूहळू गेली आणि बाबांना कळलंच नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच एक युक्ती बसवली. काचेच्या दोन बोटभर नळ्या, आत पाऱ्याचा थेंब. चाक बसलं की गाडी कलणार, पारा घरंगळून दोन तारा जोडणार आणि स्टिअरिंगशेजारी लाल दिवा लागणार. कंपनीच्या सपाट अंगणात आम्हा दोघींना रोजच्या जागी बसवून, स्वतः स्टिअरिंगवर बसून त्यांनी ती बत्ती जुळवून घेतली होती. खड्ड्यात, वळणावर ती लुकलुकायची, त्याकडे बघायचं नाही. पण वीस आकडे मोजेपर्यंत विझली नाही तर थांबायचं. कारखान्यात कुणीतरी एकदा सतत लागणाऱ्या दिव्यावर चिकटपट्टी लावली होती, आणि त्या पाळीत बाबांच्या मित्राचे दोन्ही हात भाजले होते. त्यामुळे लागलेला दिवा बघून पुढे जाणं त्यांना जमायचंच नाही.

नऊला निघालो. भिवंडीचा रस्ता तेव्हा ट्रकांनी भरलेला असायचा, म्हणून बाबांनी कळवा-मुंब्रा-शीळफाटा असा मार्ग धरला. दिवाळी होऊन गेली होती, हवा छान होती. आई पुढे बसून मावशीच्या गोष्टी सांगत होती. लहानपणी खाडीत पाय रुतला तेव्हा हिराने काठावरून अशी बोंब मारली की पलीकडच्या होड्या वळून आल्या, वगैरे. मी ऐकत होते. पायाखाली पाटा गार लागत होता.

खाडीचा पूल उतरलो आणि बत्ती लागली.

बाबा मोठ्याने मोजू लागले. वीसपर्यंत गेले. गाडी कडेला घेतली, उतरले, चारही टायर दाबून पाहिले, खिशातलं हवा मोजायचं यंत्र लावलं.

"बरोबर आहे सगळं," ते म्हणाले. तरी डाव्या मागच्या चाकाशी पुन्हा वाकले. दहा मिनिटं गेली.

आता मुंब्र्याला बाहेरून रस्ता आहे. तेव्हा गावातूनच जावं लागायचं, डोंगर एका हाताला आणि दुसऱ्या हाताला दुकानं, हातगाड्या, बकऱ्या. बत्ती लागलेलीच होती. बाबांनी पंक्चरच्या दुकानापुढे गाडी लावली. आमच्या आधी दोन टेम्पो होते. दुकानवाले चाचा मेंदी लावलेल्या दाढीचे, अजिबात घाई नसलेले. नंबर आल्यावर त्यांनी चाक काढलं, ट्यूब पाण्याच्या पिंपात बुडवून गोल फिरवली. एक बुडबुडा नाही.

"साहब, टायर तो पहलवान है।"

"मग बत्ती का लागते?" बाबांनी मराठीतच विचारलं.

"तो बत्ती को दिखाओ किसी डॉक्टर को," चाचा हसले. "ये लाल बत्ती लगाई किसने?"

"मैंने।"

"तो फिर आप ही जानो।"

बाबा हसले नाहीत. आईने घड्याळ पाहिलं. "अहो, निघू या का? राहू दे ती बत्ती."

"राहू दे कशी? चाक निसटलं तर तिघंही जाऊ."

शेजारच्या बेकरीतून नानखटाईचा वास येत होता. आईने मला चार घेऊन दिल्या. गरम होत्या. मुंब्र्यातून जाणं झालं तर अजूनही सकाळच्या भट्टीची नानखटाई जरूर घ्या, असं एरवी मी लिहिलं असतं. मला ती फार आवडली होती, आणि ते आठवून अजून कसंतरी होतं. दुकानातून निघालो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

शीळफाट्याला आज पुलांचं आणि सिग्नलचं जे जंगल आहे, त्यातलं तेव्हा काही नव्हतं. तीन दिशांना फुटलेले रस्ते, चहाच्या टपऱ्या, कापलेल्या भाताची मोकळी शेतं, गवताचे भारे लादलेल्या गाड्या. बाबांनी तिथे गाडी थांबवली. चाकावर त्यांचा संशय होताच, आता स्टेपनी लावून बघणार होते. चाक बदलून झालं, जॅक उतरवला, मी आत येऊन बसले. बाबा हात धुवायला टपरीकडे गेले, आई बाहेरच उभी होती. गाडी चालू होती आणि बत्ती जळत होती.

मी उजवीकडे सरकले. बत्ती फडफडली. परत डावीकडे आले, स्थिर झाली.

तेव्हा मला कळलं. नळ्या कशा बसवल्यात ते बाबांनी मला दाखवलं होतं, आणि पाटा कुठे आहे ते आईने. दोन्ही गोष्टी ठाऊक असलेली गाडीत मी एकटीच. टायरला काहीच झालं नव्हतं. गाडी खरंच डावीकडे कलली होती, पाट्याच्या आणि माझ्या वजनाने; पुलाच्या उतारावर पाटा आणखी दाराकडे सरकला होता. मी पाय लावून पाटा उजवीकडे ढकलायचा प्रयत्न केला. तो पुढच्या सीटखाली अडकला होता, हलेना. आता नुसतं म्हणायचं होतं, बाबा, पाटा आहे गाडीत.

बाबा रुमालाला हात पुसत आले. त्यांचा चेहरा घामाने आणि अपमानाने लाल झाला होता. मी बोलले असते तर ते रस्त्यावरच आईवर ओरडले असते, आजच्या दिवशी. आई खिडकीशी आली. तिने माझ्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी गोणपाटावर ओढणी नीट पसरली.

कल्याणकडे जाणारी एक एसटी आमच्यासमोर थांबली, दोन माणसं चढली आणि ती गेली.

"सव्वाअकरा झाले," आई म्हणाली. एवढंच.

शीळफाटा ते कल्याण हा पट्टा तेव्हा फार सुंदर होता, हे आज त्या टॉवरांमधून जाणाऱ्यांना खोटं वाटेल. काटईच्या पुढे रस्त्यालगत वालाच्या शेंगा विकायला बसलेल्या बायका, बांधांवर बगळे, लांब डोंबिवलीच्या इमारती. मी काहीच धड पाहिलं नाही, त्या बत्तीकडे बघत होते. मानपाड्याला बाबा आणखी एकदा थांबले, गाडीखाली आडवे होऊन बघून आले, शर्टाला ग्रीस लागलं. तिथून पुढे मात्र त्यांनी मोजणं सोडलं. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच लागलेला दिवा बघत ते गाडी चालवत राहिले, दात आवळून, हळू. कल्याणच्या तोंडाशी पत्रीपुलावर गाड्या अडकल्या होत्या. आईने गोष्टी सांगणं केव्हाच थांबवलं होतं.

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर पोहोचलो तेव्हा बाराला पाच मिनिटं कमी होती. सुरेखावहिनी बाकावर बसली होती, मांडीवर मावशीच्या बांगड्या, रुमालात बांधलेल्या.

"आत्ता नेलं," ती म्हणाली. "दहा मिनिटं झाली असतील. लवकर नेलं हो त्यांनी."

आई भिंतीला टेकली.

"सकाळपासून नुसत्या बोलत होत्या," वहिनी सांगत होती, रडत आणि हसत. "नर्सला म्हणाल्या, आज माजा बोलायचा सगला कोटा संपवून टाकते. शेजारच्या बाईला कोलंबीचं कालवण सांगितलं, वॉर्डबॉयला लग्न कर म्हणून सांगितलं. आणि मध्ये मध्ये, बाय आली का? बघ गो खाली, बाय आली का? स्ट्रेचर ढकलत नेलं ना, तेव्हा जिन्यापाशी त्या बसलेल्या घशानेच हाक मारली. बाऽऽय! अशी. डोंबिवलीत मारतात तशी. त्यांना वाटलं, तुम्ही जिना चढत असाल."

आम्ही तेव्हा पत्रीपुलावर होतो.

"तुमच्यासाठी काय सांगून ठेवलंय..." वहिनीने सुरुवात केली.

"नको," आई म्हणाली. "तू नको सांगू."

संध्याकाळी मावशीला बाहेर आणलं. गळ्याला पट्ट्या, नळ्या. डोळे उघडले तेव्हा तिने आईला पाहिलं आणि तिचे ओठ हलले. आईने वाकून कान तिच्या तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला, बराच वेळ. काही येणार नाही हे ठाऊक असून.

परतताना वहिनीला सोडायला ठाकुर्लीला थांबलो. बाबा गाडीतच बसले होते, डोळे मिटून. वहिनीने आणि आईने पाटा उतरवून घरात नेला. पुढे शीळफाटा आला, मुंब्रा आला, बत्ती एकदाही लागली नाही. मुंब्रा संपल्यावर बाबांनी विझलेल्या बत्तीवर बोट टेकवलं.

"काय होतं गाडीत?" त्यांनी विचारलं.

"पाटा," आई म्हणाली.

खाडीचा पूल आला.

"सांगायचं ना गं."

"तुम्ही रस्त्यात उतरवून ठेवला असता."

बाबांनी थोडा विचार केला. "ठेवला असता," ते म्हणाले.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर, असं मला पुढे अनेकदा वाटलं. म्हणजे ज्या भीतीने मी गप्प बसले ती तरी खरी ठरली असती. शीळफाट्यापासून मला सगळं माहीत होतं, हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. नंतरही नाही. बाबा गेले, मग आई गेली. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

मावशी त्यानंतर सहा वर्षं जगली. तीन महिन्यांनी पाटी घेऊन पुन्हा डोंबिवलीत फिरू लागली. इमारतीखाली उभी राहून स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवायची. खिडक्या उघडायच्या, पण भाव करताना तिला बोटं नाचवावी लागायची आणि बायका तिच्याशी, ती बहिरी असल्यासारख्या, उगाच मोठ्याने बोलायच्या. तिला लिहिता येत नव्हतं. त्या दिवशी आईला सांगायचं होतं ते तिने हातवाऱ्यांनी सांगायचा प्रयत्न केला का, मला माहीत नाही. वहिनीला आईने कधी विचारलं नाही.

मी विचारलं, आई आजारी होती तेव्हा. कोलशेतच्याच घरात, दुपारी, तिला पेज भरवताना. "वेळेवर पोचलो असतो तर मावशी काय बोलली असती गं?"

मला सांगून टाकायचं होतं, आणि सुरुवात म्हणून मी ते विचारलं होतं.

आई हसली. "काय बोलणार? मी कधीही गेले तरी एकच बोलायची." मग तिने मान थोडी मागे टाकली, आणि तिच्या त्या बारीक, थकलेल्या गळ्यातून एक फाटका, जाड, दांडगा आवाज निघाला, खालून चौथ्या मजल्यापर्यंत जाईल असा.

"कवरा उशीर केलास गो, बाय!"

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. कित्येक वर्षांनी मी हिरामावशीला ऐकत होते. आईने पुन्हा तोंड उघडलं, मी पेज भरवली. सांगायचं होतं ते राहून गेलं.