असेल किंवा नसेल

टोकरखाड्याहून नरोलीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसतो. वय पंचविशीच्या आतलं, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि खोलीच्या कुलपाची सतत धास्ती. बस सुटली की विचारायचा, "ताई, मी कुलूप लावलं ना?" आधीची नोकरी यापायीच गेली, अर्ध्या वाटेत उतरून तो कुलूप बघायला परत जायचा.

मग मनाच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं, की विचारलंस तरी कुणी खात्री द्यायची नाही, खात्री दिली की शंका वाढतच जाते. हे त्याने स्वतःच बसमध्ये उभं राहून आम्हाला सांगितलं. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, पण आपला आजार असा चारचौघांत सांगायचं धाडस मला कुठल्या वर्गात मिळालं नव्हतं. तेव्हापासून त्याने विचारलं की आम्ही म्हणायचं, "असेल किंवा नसेल."

पुढच्या सीटवरच्या धुळ्याच्या काकांना मात्र राहवायचं नाही. "लावेल आहे भो, मी पाह्यलं ना!"

"काका, तुम्ही काही मला बरं होऊ देत नाही!"

परवा नरोली आली तरी त्याने विचारलं नाही. कपाळावर घाम, बोटं बॅगेच्या पट्ट्याभोवती घट्ट. शेवटी काकाच कासावीस झाले. "अरे भो, आज कुलूप लावलं का नाही तू?"

तो खदखदून हसला. "असेल किंवा नसेल, काका!"

सगळी बस हसत असतानाच गेट आलं. सर्वांत आधी तोच उतरला, आणि मागे न बघता आत गेला.